आडोसा

दुधातली फॅट मोजायला सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, हे कुणाला सांगितलं तर अजूनही पटत नाही. पण आमच्या वेळी तीच रीत होती. काचेच्या जाड नळीत आधी अ‍ॅसिड, त्यावर कडेकडेनं दूध, थोडं अल्कोहोल आणि वर घट्ट रबरी बूच. मग नळी फडक्यात गुंडाळून हलवायची. हलवताना ती एवढी तापायची की फडक्यातूनही हाताला चटका लागे, आणि आतलं पांढरं दूध बघता बघता काळंभोर होई. बूच सैल राहिलं तर ते उडणार आणि तो तापलेला काळा रस तोंडावर येणार. अशा नळ्या मी रोज सकाळी ओळीनं हलवत असे.

मी नगर शहरातली, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. काष्टीच्या पुढं माळावर एक दूध शीतकरण केंद्र होतं, तिथं मला नोकरी लागली. गावोगावचं दूध कॅनमधून गाड्यांवर, म्हणजे ट्रक-टेम्पोतून, यायचं, मी ते तपासायचं, मग ते थंड होऊन मोठ्या टँकरमधून पुढं जायचं. आईला ही नोकरी पसंत नव्हती. माळावर, पुरुषांत, एकटी मुलगी. वडील म्हणाले, "मग शिकवलं कशाला?" आणि गावात एका शिक्षकांच्या घरी खोली बघून देऊन ते परत गेले.

केंद्रात आम्ही दोघीच बायका होतो. दुसरी आक्का. सगळेच तिला आक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. ती कॅन धुवायची. जवळच्याच वस्तीवर राहायची. घरची जमीन होती, पण त्या साली जमिनीत ढेकळांशिवाय काही नव्हतं. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता आणि आक्का इथं सोड्याच्या पाण्यात हात घालून कॅन घासत होती. तिचे तळहात खरवडल्यासारखे झाले होते.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही, आणि मी सांगते आहे तो त्याच्यानंतरचा उन्हाळा. केंद्राच्या विहिरीनं तळ गाठला होता. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येणार असं ठरलेलं होतं, पण आला म्हणजे खरा. आलेल्या पाण्याला तीन तोंडं होती. कॅन धुणं, बॉयलर आणि बर्फाच्या पाण्याची टाकी. या टाकीत थंडाव्याच्या नळ्या बुडालेल्या असत. पाणी त्यांच्या खाली गेलं की दूध थंड होणं बंद, आणि त्या उन्हात न थंड केलेलं दूध दुपार बघत नसे. आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, सकाळ-संध्याकाळ बांबूची काठी टाकीत घालून पाणी मोजायचे. काठी वर काढली की तिच्यावरचा ओला भाग बघून त्यांचा चेहरा उतरायचा. गाडीवाले मात्र त्यातही थट्टा करायचे. एखाद्याचं दूध पातळ लागलं की म्हणायचे, "बाई, प्यायला पानी न्हाई, दुधात कुठनं घालनार?"

अशा दिवसांत मी तपासणीच्या खोलीत माझ्या टेबलाखाली दोन बादल्या पाणी भरून, झाकून ठेवलं होतं. नळ कोरडाच होता, आणि अ‍ॅसिड सांडलं तर पहिलं काम पाण्याचं. हे पाणी कशालाही वापरायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. धूळ बसली की तेवढं बदलायचं, जुनं कॅन धुण्यात द्यायचं आणि पुन्हा भरून ठेवायचं.

त्या दोन बादल्यांवरून माझ्याशी सगळ्यांचं बिनसलं. साहेब म्हणाले, "बाई, एक ठेवा. दोन कशाला?" मी म्हटलं, "साहेब, एक बादली तर नुसत्या हाताला पुरत नाही." त्यांना ते पटलं नव्हतं, एवढं मला दिसलं. आक्का तर त्या बादल्यांकडं बघून रोज काहीतरी पुटपुटायची. एक दिवस तिनं सरळ विचारलं, "ताई, ह्यातली एक कळशी द्या. सासरा आजारी हाय, अंग पुसायला बी पानी न्हाई घरात. टँकर आला की भरून ठिवते."

"आक्का, ते पाणी द्यायचं नाही. आणि टँकर आलाच नाही तर?"

"न्हाई आला तर न्हाई आला. कुनाला काय झालंय का इतक्या दिसांत?"

"झालं तर?"

ती म्हणाली, "मानसं तहानेनं मरत्यात आन पानी बसवून ठिवलंय." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्या दिवशी माझ्या गावातल्या खोलीवरच्या वाट्याच्या पाण्यातून तिला कळशी देऊ केली, तर तिनं घेतली नाही.

त्याआधी कधीतरी मी केंद्रातल्या सगळ्यांना धक्क्यावर जमवून अ‍ॅसिडबद्दल सांगितलं होतं. धक्का म्हणजे कॅन उतरवायचा आणि धुवायचा सिमेंटचा ओटा. सांगायला फार नव्हतंच. अंगावर पडलं तर लगेच पाणी घाला, आणि थोडं नाही, भरपूर घाला, कारण थोड्या पाण्यानं अ‍ॅसिड उलट तापतं. तेल, तूप, शाई, चुना काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघडून धरा आणि नाकाच्या बाजूनं बाहेर पाणी सोडा, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. भाजलेला माणूस बास म्हणेल, थांबू नका. आणि कपडे पहिल्या झटक्यात काढून टाका, कारण कापड अ‍ॅसिड धरून ठेवतं आणि आत भाजत राहतं.

कपड्यांचं ऐकून गाडीवाले हसले. आक्कानं तेवढ्यात विचारलं, "आन बाईमानसाचं काय?"

"बाईमाणसाचंही तेच," मी म्हटलं. म्हणायला काहीच लागत नव्हतं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी पाण्याचा टँकर दोन खेपा चुकला होता. सकाळची गर्दी होती. धक्क्यावर कॅन लागले होते, गाड्या उभ्या होत्या, गावोगावचे दूधवाले आपापल्या नमुन्याचा आकडा ऐकायला ताटकळत होते. माझं रोजचं अ‍ॅसिड एका जाड काचेच्या बाटलीत असे. मोठ्या बुधल्यातून त्या बाटलीत ओतायचं आणि तिच्यातून मोजून नळ्यांत घालायचं. मी पांढरा सुती कोट घातला होता. रबरी अ‍ॅप्रन मागवलेला होता, तो अजून आला नव्हता. नायलॉनच्या साड्यांची तेव्हा फार हौस होती, पण नायलॉन अ‍ॅसिडनं विरघळून कातडीला चिकटतं म्हणून मी कामावर सुतीच नेसायचे. डोळ्यांवर माझा नंबरचा चष्मा होता.

बाटली मी नेहमीसारखीच उचलली. उजव्या हातानं मान धरली, डावा हात बुडाखाली. टेबलापासून छातीपर्यंत आणली आणि टक् असा बारीकसा आवाज आला. बाटलीचं बूड निखळून माझ्या हातावर आलं. आतलं सगळं अ‍ॅसिड कोटावर, साडीवर आणि डाव्या मांडीवरून पायावर गेलं. काच फरशीवर फुटली आणि शिंतोडे वर उडाले.

पहिल्यांदा काही दुखलं नाही. कोमट तेल सांडल्यासारखं वाटलं, जड, चिकट. त्या एवढ्याशा क्षणात मी मनाशी इतकंच म्हटलं, की हे अ‍ॅसिड आहे आणि हे माझ्या अंगावर आहे. मग हात पेटला. मागोमाग मांडी. मग डाव्या डोळ्यात चष्म्याच्या खालून काहीतरी गेलं आणि तो डोळा आपोआप घट्ट मिटला.

मी ओरडले, पण काय ओरडले ते आठवत नाही. आक्का दाराशी कॅन घेऊन उभी होती, असं तिनं नंतर सांगितलं. मला आधी कॅन पडल्याचा आवाज ऐकू आला आणि पुढच्या क्षणी एक पूर्ण बादली माझ्यावर येऊन आदळली. लगेच दुसरी. ज्या दोन बादल्या मी इतके दिवस राखल्या होत्या, त्या मला वाटतं दोन श्वासांत संपल्या. अंगावरची आग कमी झाली नाही.

"हिकडं! भाईर या!" आक्कानं माझं मनगट धरून मला ओढलं. खोलीत फरशीवर अ‍ॅसिड आणि पाणी एक होऊन फसफसत होतं आणि त्यातून ती अनवाणी मला ओढत होती. धक्क्याच्या कडेला कॅन धुवायची जागा होती, तिथं तिनं मला बसवलं. वर ऊन. समोर सगळं आवार. गाडीवाले, दूधवाले, हमाल. एका डोळ्यानं मला ते सगळे धावत येताना दिसत होते.

"ताई, लुगडं सोडा!"

मी साडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

हे मी नंतर कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. मला सगळं माहीत होतं. सुती कापडात मुरलेलं अ‍ॅसिड कातडीला धरून बसलं आहे, क्षणाक्षणाला आत चाललं आहे, हे त्या आवारात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरी माझा भाजलेला हात निऱ्या आवळून बसला होता. "आत चल, आत," मी म्हणत होते.

"आत कुठं? आत तेच सांडलंय सगळं!"

"माणसं आहेत, आक्का."

"असू द्या मानसं! तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"

तिनं माझी बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली. मी तिला ढकललं. खरंच ढकललं, आणि ती ओल्या सिमेंटवर पडली. उठून पुन्हा आली. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. एरवी ते खालच्या पट्टीत बोलणारे, कारकुनासारखे. तो आवाज मी त्यांचा म्हणून ओळखलाच नाही.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा! माळाकडं बघा! एकानं मागं वळून बघायचं नाही!"

वहाणा घासल्याचे आवाज आले आणि आवार गप्प झालं. मी एका डोळ्यानं बघितलं. पंचवीस-तीस पाठी होत्या. पागोटी, टोप्या, घामेजलेले सदरे, आणि सगळ्यांची तोंडं पलीकडं, त्या उघड्या माळाकडं. माझे हात सैल पडले.

आक्कानं एका हिसड्यात साडी ओढली. ती फाटली नाही, तिचे तुकडे हातात आले. कोट गेला, परकर गेला. चष्मा तिनंच काढून बाजूला ठेवला. मला उन्हात, उघड्यावर, थंडी वाजल्यासारखं झालं.

"साहेब, पानी!" आक्का ओरडली. "पानी संपलं!"

"आहे तेवढं द्या रे! मागच्या मागं द्या!" साहेब म्हणाले.

एक गाडीवाला पाठमोराच म्हणाला, "साहेब, पानी कुठलं? टँकर कुठं आलाय?"

आतल्या पंपाचा ठोका तेवढा ऐकू येत होता. मला तेव्हाही कळत होतं की केंद्रात पाणी आहे ते फक्त टाकीत आहे आणि तिथलं पाणीही आज थंडाव्याच्या नळ्यांवर कसंबसं टेकलेलं आहे. धक्क्यावर सकाळचं सगळं दूध उभं होतं.

"टाकीचं," साहेब म्हणाले.

"टाकीचं काढलं तर दूध..."

"टाकीचं म्हणतोय ना मी!"

मग बादल्या सुरू झाल्या. माणसांनी रांग धरली, टाकीपासून धक्क्यापर्यंत. बादली पुढच्याकडून घ्यायची आणि न वळता पाठीमागं हात करून द्यायची. शेवटचा माणूस मागं सरकत सरकत धक्क्याच्या कडेपर्यंत यायचा, बादली टेकवायचा आणि तसाच पुढं जायचा. कुणी ठेचकाळत होतं, पाणी सांडत होतं, शिव्या येत होत्या, पण एकही मान वळली नाही. आक्का बादली उचलायची आणि माझ्या मांडीवर, पायावर, हातावर ओतायची. ते पाणी बर्फाचं होतं. पहिल्या बादलीला माझा श्वासच अडकला.

"डोळा," मी म्हटलं. "आक्का, डोळा."

तिनं माझं डोकं तिच्या मांडीवर घेतलं. मी डावा डोळा उघडायचा प्रयत्न करत होते, पण तो उघडेना. माझा डोळा मला ऐकत नाही, हे मला त्या आगीपेक्षा भयंकर वाटलं. आक्कानं तिच्या खरबरीत अंगठ्यानं खालची पापणी ओढली, बोटानं वरची दाबून धरली आणि तांब्यानं धार सोडली.

"नाकाकडून," मी म्हटलं. "बाहेर जाऊ दे."

"ठावं हाय मला. गप पडून ऱ्हावा."

उजेड होता, पण त्यात काही दिसत नव्हतं. दुधात बुडाल्यासारखं पांढरं. मला वाटलं, डोळा गेला.

पाठमोऱ्यांतून एक म्हातारा दूधवाला म्हणाला, "आगं चुना लावा तिला! माझ्याकडं हाय चंचीत. आम्ल मारतो चुना!" आणि त्यानं चंची तशीच डोक्यावरून मागं धरली. आक्काचा हात थबकला. माझे दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. एवढा एक क्षण मला आठवतो, की ती चंची हवेत आहे, आक्का तिच्याकडं बघते आहे आणि मी बोलू शकत नाही. मी डोकं हलवत राहिले. नाही, नाही.

"नको म्हनत्यात," आक्का म्हणाली. "पानी द्या नुस्तं."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. थंडीनं माझं अंग उडत होतं. ओठ बधिर झाले होते. मी बास म्हणाले. मग विनवलं. मग आईची आण घातली. मग मी तिला वाईट बोलले, जे मी कधी कुणाला बोलले नव्हते. आक्कानं बादली थांबवली नाही. "बास म्हनलं तरी थांबू नका, आसं कोन म्हनलं हुतं?" ती म्हणायची आणि पुढची ओतायची. तिचा आवाज रडवा होता, हात मात्र चालू होते. पाणी पडायचं थांबलं की मांडीवरची आग पुन्हा वर यायची, म्हणून मीच मग बास म्हणायचं सोडलं.

आतला पंप हवा ओढू लागला तेव्हा त्याचा आवाज बदलला. सगळ्यांनी तो ऐकला. साहेबांनी पंप बंद केला, पण बादल्या बंद केल्या नाहीत.

शेवटी आक्का मला म्हणाली, "ताई, आता कसं?" मी हात बघितला. आग होती, पण ती आत पळत नव्हती. एका जागी थांबली होती. मी म्हटलं, "आता झाकायचं." केंद्रात दूध गाळायच्या मलमलीचा कोरा तागा होता. आक्कानं तो भिजवून मला मानेपासून घोट्यापर्यंत सैलसा गुंडाळला. वरून साहेबांची चादर. मग तिनं सांगितलं, "फिरा आता," आणि पुरुष वळले. कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. ज्याची गाडी रिकामी झाली होती त्यानं ती पुढं आणली.

गावच्या डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, डोळ्यावर पट्टी बांधली आणि म्हणाले, इथं नका थांबू, नगरला न्या. आक्का तशीच ओलेत्या लुगड्यानं माझ्याबरोबर आली. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटत होती. मलमल वाळू लागली की ती बरोबर घेतलेल्या कॅनमधून पाणी घेऊन शिंपडायची. वाटेत ती एकच बोलली. "दिसतंय का काही त्या डोळ्याला?" मी म्हटलं, "पट्टी आहे गं." "पट्टीच्या आधी?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं उलगडून बघितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पाणी कुणी घातलं?" मी आक्काकडं बोट केलं, तर तीच खाली बसलेली. तिच्या पावलांवर फोड आले होते. तपासणीच्या खोलीतल्या त्या फसफसणाऱ्या पाण्यातून ती चालली होती आणि स्वतःच्या पायांवर एक तांब्याही घेतला नव्हता. तिचीही मलमपट्टी झाली. मांडीच्या मधल्या भागातली जखम खोल आहे, व्रण राहील, हातही बरेच दिवस घेईल, असं डॉक्टर म्हणाले. डोळ्याबद्दल पट्टी काढल्यावर बघू, एवढंच.

आई-वडील त्याच संध्याकाळी आले. आई माझ्या उशाशी बसून रडली. जराशानं तिनं वाकून, अगदी हळू विचारलं, "साडी काढली म्हणे. कुणी कुणी पाहिलं?"

मला खूप राग आला, आणि त्याच वेळी कळलं की साडी धरून बसले तेव्हा मीही हेच विचारत होते. मी काही बोलायच्या आत, पलीकडं भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली आक्का म्हणाली, "कुनी न्हाई पाह्यलं, आई. सगळे माळाकडं तोंडं करून उभे हुते. मी बी न्हाई पाह्यलं. मी पानी घालत हुते."

आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

पट्टी निघायची होती त्या दिवसापर्यंतची भीती मी कधी विसरले नाही. जेवणाची चव गेली होती. उजवा डोळा मिटून मी पट्टीतून उजेड येतो का बघायचे आणि लगेच घाबरून तो उघडायचे. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा सगळं धुरकट होतं. मग त्या धुरात खिडकीचे गज उभे राहिले. मी गज मोजले, मोठ्यानं. वडील बाहेर निघून गेले. ते रडलेले मला दिसू नयेत म्हणून गेले असावेत. नजर हळूहळू साफ होत गेली. त्या डोळ्याला ऊन अजूनही सहन होत नाही.

साहेब भेटायला आले तेव्हा मी दुधाचं विचारलं. "नासलं," ते म्हणाले. "सगळं?" "जवळजवळ." वरून चौकशी आली होती. टाकी का उपसली, आधी कळवलं का नाही, असं विचारलं होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलं?" ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "सांगितलं, की पाणी लागलं म्हणून काढलं." त्या गोष्टीवरून त्यांची बढती मागं पडली, असं पुढं मला दुसऱ्याकडून कळलं. ते स्वतः त्याविषयी कधी बोलले नाहीत.

मी नोकरीवर परत जाणार म्हटल्यावर घरात पुन्हा वाद झाला, पण आईचा आवाज पहिल्याइतका चढला नाही. पावसाळा सुरू होऊन गेला होता तेव्हा मी रुजू झाले. तपासणीच्या खोलीच्या दाराबाहेर लोखंडी चौकटीवर एक पिंप उभं केलेलं दिसलं. त्याला खाली मोठा नळ, ओढायला साखळी. साहेबांनी ते करून घेतलं होतं. आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी बांबू रोवून गोणपाटाचा उंच आडोसा शिवलेला होता. आत खुंटीला एक जुनं धुतलेलं लुगडं घडी करून टांगलेलं.

"साहेब नुस्तं पिंप बसवत हुते," आक्का म्हणाली. "मी म्हनलं, आधी आडोसा करा. न्हाईतर बाईमानूस नळाखाली उभंच ऱ्हायचं न्हाई, पानी किती का असंना."

मी त्या आडोशात जाऊन उभी राहिले. आतून काही दिसत नव्हतं, फक्त वरचं आभाळ. आक्का बाहेरून म्हणाली, "पुरतंय का उंचीला?" मी म्हटलं, "पुरतंय."

नव्या बाटल्या आल्या त्या मी रोज उजेडात धरून, बोटानं वाजवून बघू लागले. रबरी अ‍ॅप्रन आला, डोळे पुरते झाकणारे चष्मे आले, आणि टेबलापुढं फरशीवर एक रेघ मारून घेतली. बाटली हातात उचलायच्या ऐवजी लाकडी तिवईवर तिरकी करून ओतायची सोय आम्ही केली. आता बादल्यांबद्दल कुणी काही बोलत नसे.

एका गोष्टीचा मात्र मला त्रास होत होता. गाडीवाले, दूधवाले, हमाल, कुणीही माझ्याकडं सरळ बघेना. मी आकडा सांगायला दारात आले की सगळ्यांच्या माना खाली. कुणी आपल्या वहाणेकडं बघायचा, कुणी लांब माळाकडं. त्या दिवशी फिरवलेली तोंडं ते अजून वळवत नव्हते. माझ्या जबड्याखाली एक डाग राहिला होता, तो बघायचा नाही म्हणूनही असेल. पूर्वीची थट्टा बंद झाली. मी कमी फॅट सांगितली तरी मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. एवढा मान मला नको होता. घरी खोलीवर जाऊन मी आरशात बघायचे आणि वाटायचं, यांच्या दृष्टीनं मी कायमचीच तशी उघडी राहिले की काय.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी एका गावच्या दूधसंस्थेचा नवा सचिव आला. त्या दिवशी तो आवारात नव्हता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या दुधाचा आकडा कमी निघाला तसा तो तावातावानं खोलीच्या दारात आला, माझ्या तोंडाकडं रोखून बघत म्हणाला, "बाई, तुमची नळी खोटी हाय. आमच्या म्हशी काय पानी देत्यात व्हय?"

मागं सगळे गाडीवाले चपापले. एकानं त्याचा हात धरला.

मी म्हटलं, "सोडा त्यांना. या आत. तुमच्यासमोर दुसरी नळी लावते. पण त्या रेघेच्या पलीकडं उभं राहायचं आणि हा चष्मा डोळ्यांवर घालायचा."

त्यानं चष्मा घातला, तो त्याला मोठा होत होता. मागं कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले, आणि माझ्याकडं बघून हसले. आकडा पुन्हा तोच आला. सचिव भांडत भांडतच धक्क्याकडं गेला, आणि मी पुढचा नमुना घेतला.